कात्री लागण्याआधी

‘तीन मीटर कापा,’ असे सांगून समोरच्या बाई पर्समध्ये हात घालतात, तेव्हा कात्री हाताशी असूनही मी ती उचलत नाही. आधी विचारते, ‘कशासाठी हवे आहे?’ काहींना हा प्रश्न आगाऊपणाचा वाटतो आणि तसे त्या चेहऱ्यावर दाखवतातही, पण गोधडीचे आणि शिवणाचे सामान विकणाऱ्या दुकानात इतकी वर्षे उभी राहिल्यावर माझे एक मत पक्के झाले आहे. आमच्या धंद्यातला नफा-तोटा, गिऱ्हाइकाचा राग-लोभ आणि शिवलेल्या वस्तूचे आयुष्य यांतले बरेचसे कात्री कापडाला लागण्याआधीच्या पाच-दहा मिनिटांत ठरून गेलेले असते. कापलेला तुकडा ताग्याला पुन्हा जोडता येत नाही आणि दुसऱ्या कोणाला तेवढ्याच मापाचा तुकडा हवा असेल याचीही खात्री नसते.

या तीन मीटरचेच पाहा. बाईंना १५० सेंटिमीटर रुंद आणि २०० सेंटिमीटर लांब अशी गोधडी करायची होती, वरची बाजू दहा-दहा सेंटिमीटरच्या चौकोनांची. त्यांनी घरी हिशेब केला होता आणि तो कागदावर बरोबरही होता: दीड गुणिले दोन म्हणजे तीन चौरस मीटर, कापडाचा पन्हा, म्हणजे रुंदी, ११० सेंटिमीटर, म्हणजे पावणेतीन मीटर पुरे, वर थोडे जास्तीचे धरून तीन मीटर. या हिशेबात फक्त माया, म्हणजे शिवणीत आत जाणारे जास्तीचे कापड, धरायची राहिली होती. शिवून झाल्यावर दहा सेंटिमीटर उरावे असे वाटत असेल तर चारही बाजूंना सहा-सहा मिलिमीटर सोडून चौकोन ११.२ सेंटिमीटरचा कापावा लागतो. दोन्ही किनारी काढल्यावर पन्ह्यात सुमारे १०८ सेंटिमीटर हाताशी राहतात, त्यात असे नऊ चौकोन बसतात आणि दहावा बसत नाही. चौकोन लागणार ३००. म्हणजे ३४ पट्ट्या, प्रत्येकी ११.२ सेंटिमीटरची, आणि एकूण कापड सुमारे तीन मीटर ऐंशी सेंटिमीटर. सुती कापड पहिल्या धुण्यात तीन ते पाच टक्के आटू शकते हे लक्षात घेतले तर चार मीटर घेणेच शहाणपणाचे. माझ्या तोंडून हे ऐकल्यावर गिऱ्हाइकाला पहिल्यांदा वाटते की दुकानदार कापड खपवत आहे. म्हणून मी हिशेब तोंडी सांगत नाही, टेबलावरच्या वहीत चौकोन काढून दाखवते आणि ते पान फाडून त्यांना देते.

गंमत म्हणजे त्याच गोधडीच्या पाठीसाठी मी बाईंचे एक मीटर कापड वाचवले. पाठ सगळ्या बाजूंनी थोडी मोठी लागते, कारण वरची बाजू, मधला भराव आणि पाठ असे तिन्ही थर एकत्र टाचताना आणि त्यांवर टीप मारताना कापड आत ओढले जाते. पाठ १७० बाय २२० सेंटिमीटरची धरली आणि कापड गोधडीच्या लांबीच्या दिशेने उभे लावले, तर २२० सेंटिमीटरचे दोन तुकडे, म्हणजे चार मीटर चाळीस सेंटिमीटर लागतात, आणि त्यातला बराच भाग दोन्ही कडांना वाया जातो. तेच कापड आडवे फिरवले तर १७० सेंटिमीटरचे दोन तुकडे पुरतात, जोड मधोमध आडवा येतो, आणि दोन पन्ह्यांची मिळून लांबी सुमारे २१५ सेंटिमीटर भरते. दोन्ही टोकांना सात-सात सेंटिमीटर जास्तीचे राहते, जे मला पुरेसे वाटते. कडेच्या गोटासाठी सहा सेंटिमीटर रुंदीच्या आठ पट्ट्या, म्हणजे अर्धा मीटर. हा गोट उरेब, म्हणजे तिरका, कापायचा का, असे हमखास विचारले जाते. गोधडीच्या कडा सरळ असतील तर सरळ पट्टी चालते. पंचेचाळीस अंशांत कापलेली उरेब पट्टी वळणावर छान बसते, म्हणून कडा गोलाकार किंवा लाटांसारख्या असतील तरच तिची गरज पडते, आणि तिच्यासाठी कापडही जास्त जाते. वर जास्तीचे, खाली कमी, असा हिशेब समोर मांडला गेल्यावर बाईंच्या चेहऱ्यावरचा संशय गेला. धंद्याच्या दृष्टीने पाहिले तर त्या दिवशी माझी विक्री त्यांच्या मूळ मागणीपेक्षा फारशी वाढली नाही. वाढला तो एक विश्वास, आणि तो वहीत लिहिता येत नाही.

मायेबद्दल आणखी थोडे. नवशिके लोक रंगसंगतीची काळजी करत बसतात आणि मायेकडे दुर्लक्ष करतात. एक मिलिमीटर म्हणजे काय मोठेसे, असे वाटते. पण १५ चौकोनांच्या ओळीत १४ जोड असतात, प्रत्येक जोडाला दोन कापडे असतात, म्हणजे टीप मिलिमीटरभर आत गेली की एका जोडात दोन मिलिमीटर जातात आणि ओळ २८ मिलिमीटरने आखूड होते. सगळ्याच ओळी तेवढ्याच आखूड झाल्या तर गोधडी थोडी लहान होईल, एवढेच. खरी अडचण पुढे आहे. पहिल्या ओळी जपून शिवलेल्या असतात, मधल्या ओळी रात्री पेंगत शिवलेल्या असतात, आणि मग चौकोनांचे कोपरे जुळत नाहीत. अशा वेळी लोक कापड ओढून कोपरे जुळवतात, इस्त्री फिरवून ताणतात आणि पृष्ठभागाला फुगे येतात. इस्त्री जोडावर ठेवून उचलायची असते, ती कापडावर ओढत नेली की आडवा धागा सरकतो. हे मी प्रत्येकाला सांगते आणि बहुतेक जण ते विसरतात. मीही सुरुवातीला विसरत असे.

दुकानातल्या सकाळच्या कामात फारसे वाचण्याजोगे काही नाही. ताग्यांवरची धूळ झटकणे, आदल्या दिवशी ओढून पाहिलेली कापडे पुन्हा गुंडाळणे, दोऱ्यांची रिळे क्रमांकांप्रमाणे लावणे आणि कोणीतरी गुलाबीच्या खणात टाकलेले मरून रीळ शोधून काढणे, यात तास जातो. रंगाचा विषय निघालाच आहे तर एवढे सांगते की आमच्या दुकानातला सगळ्यात उपयोगी कोपरा म्हणजे दारापाशी दिवसाचा उजेड पडतो ती हातभर जागा. ट्यूबलाइटखाली एकसारखी दिसणारी दोन निळी कापडे उन्हात एक हिरवट आणि एक जांभळट निघतात, म्हणून जोडी लावायची असेल तर तागा घेऊन दारात जावेच लागते. फिकट-गडदाचा मेळ पाहायला मात्र उजेडापेक्षा मोबाइल बरा. निवडलेली कापडे शेजारी ठेवून त्यांचा कृष्णधवल फोटो काढला की पाचपैकी चार कापडे एकाच छटेची आहेत हे लगेच कळते, आणि ‘एवढे सुंदर रंग घेतले तरी नक्षी उठून का दिसत नाही’ या प्रश्नाचे उत्तर शिवण्याआधीच मिळते.

दुपारनंतर शिलाई मशीनच्या तक्रारी येतात. आम्ही मशीनची दुरुस्ती करत नाही, तरी येतात. ‘खालून दोऱ्याचा गुंता होतो, बॉबिन बिघडली आहे,’ ही त्यातली सर्वांत नेहमीची. गुंता खालच्या बाजूला दिसतो म्हणून दोष खालचा असणार असे प्रत्येकाला वाटते आणि मग बॉबिन केसचा, म्हणजे खालच्या दोऱ्याची फिरकी ज्यात बसते त्या डबीचा, बारीक स्क्रू फिरवून फिरवून पुरता बिघडवलेला असतो. खरे तर खालच्या बाजूला जमलेला गुंता बहुतेक वेळा वरच्या दोऱ्याचा असतो. सुई खाली जाऊन किंचित वर येते तेव्हा तिच्या मागे दोऱ्याचा एक लहान फास तयार होतो, शटलचे, म्हणजे खालच्या हलत्या भागाचे, टोक तो फास पकडते, बॉबिनभोवती फिरवते आणि दोन्ही दोरे एकमेकांत अडकतात. मग वरचा दोरा ओढला जाऊन टाका कापडाच्या पोटात बसायला हवा. वरच्या दोऱ्यावर ताणच नसेल तर हा फास ओढला जात नाही आणि खाली साचत राहतो. टोकाशी नेढे असलेली सुई आणि खालचा दुसरा दोरा यांची ही जोडी एलायस हाउ यांच्या १८४६ च्या अमेरिकी पेटंटमध्ये होती, आणि टाक्याची ही रीत घरगुती मशीनमध्ये आजही तीच आहे.

आता वरच्या दोऱ्यावर ताण का नसतो? कारण दोरा ओवताना फूट, म्हणजे सुईखाली कापड दाबून धरणारा भाग, खाली असते. फूट खाली असले की ताणाच्या चकत्या मिटलेल्या असतात, दोरा त्यांच्या मध्ये न जाता वरवर राहतो, आणि पाहणाऱ्याला वाटते की सगळे नीट ओवले आहे. फूट उचलून दोरा पुन्हा ओवायचा, एवढाच उपाय. हा उपाय सांगितल्यावर काही जणांना आनंद होतो आणि काही जणांना चक्क राग येतो, कारण त्यांनी मशीन उचलून इथपर्यंत आणलेले असते. एका काकूंनी तर ‘एवढ्याचसाठी होते का?’ असे म्हणून बरोबर आणलेल्या मुलाकडे असे पाहिले की तो बिचारा दाराबाहेर जाऊन उभा राहिला.

दुसरी तक्रार टाके सुटण्याची, आणि तिचे मूळ सुईत असते. सुईवर दोन आकडे असतात, ९० आणि १४ असे. त्यातला ९० म्हणजे सुईच्या दांड्याची जाडी, मिलिमीटरच्या शंभराव्या भागात, म्हणजे ०.९ मिलिमीटर, आणि १४ हा त्याच जाडीसाठीचा दुसरा क्रमांक. चौकोन जोडायला ८० म्हणजे बारा नंबरची सुई चांगली, तिन्ही थरांवर टीप मारायला ९० आणि जाड कापडाला १००, म्हणजे सोळा नंबर. होजिअरीसारख्या ताणल्या जाणाऱ्या कापडाला गोल टोकाची सुई लागते, कारण अणकुचीदार टोक धाग्यांच्या मधून न जाता धागाच तोडते. आणि सुई झिजते. साधारण आठ तास शिवून झाले की ती बदलावी असे म्हणतात. मी लोकांना तासांचा हिशेब ठेवायला सांगत नाही. नवीन गोधडी करायला घेतली की नवीन सुई, आणि कापडात शिरताना ‘टक टक’ असा आवाज येऊ लागला की लगेच नवीन सुई, एवढे पाळले तरी पुरते. सुईचे पाकीट ही दुकानातली सगळ्यात लहान विक्री आहे आणि ती करताना मला सर्वांत जास्त बोलावे लागते. मोठ्या मशीनवर मनसोक्त खर्च करणारा माणूस सुई बदलायला इतका का कचरतो, हे कोडे मला अजून सुटलेले नाही.

कात्रीच्या बाबतीत मी कठोर आहे. कापडाच्या कात्रीने कागद कापू नये, कारण कागदात खनिज भुकटी मिसळलेली असते आणि तिने धार लवकर बोथट होते. दुकानातल्या माझ्या कात्रीला लाल फीत बांधलेली आहे आणि ती कोणी पावती कापायला उचलली तर मी ओरडते. फिरत्या पात्याचा कटर मात्र मी उशिरा स्वीकारला. जपानच्या ओल्फा कंपनीने तो १९७९ मध्ये आणला आणि गोधडी करणाऱ्यांच्या कामाची चालच बदलली. चार थर एकदम, पट्टीच्या आधाराने, मिलिमीटर न चुकता कापले जातात. पण चूकही मग चार थरांत एकदम होते. पहिल्याच आठवड्यात मी पट्टीवरचा आकडा चुकीचा वाचून एका गिऱ्हाइकाच्या आठ पट्ट्या सेंटिमीटरभर अरुंद कापल्या होत्या आणि ते कापड पदरचे भरून दिले होते.

गोधडीच्या पोटात काय घालायचे हा प्रश्नही वस्तू धुवायची कशी हे विचारल्याशिवाय सोडवू नये. सुटा पिंजलेला कापूस ऊबदार आणि मऊ असतो, पण टिपा एकमेकींपासून लांब असतील तर पहिल्या-दुसऱ्या धुण्यात तो सरकून कोपऱ्यात गोळे होतात. त्याला जवळ जवळ धावदोरा घालावाच लागतो. सुयांनी टोचून घट्ट केलेली कापसाची किंवा पॉलिएस्टरची चादर एकसंध राहते, म्हणून तिच्यावरच्या ओळींत जास्त अंतर चालते. बाळासाठी करायची आणि रोज धुवायची गोधडी वेगळी, पलंगावर शोभेला पसरायची वेगळी. कापड आधी धुवावे की नाही यावर माणसे भांडतात. माझे मत असे की एक तर सगळी धुवावी किंवा एकही धुवू नये. निम्मी धुतलेली आणि निम्मी कोरी कापडे एका गोधडीत आली की पहिल्या धुण्यानंतर कोरी तेवढी आटतात आणि शेजारची सुरकुततात. गडद लाल आणि निळे कापड तरी एकदा पाण्यात बुडवून, पांढऱ्या चिंधीवर दाबून पाहावे. चिंधीवर रंग उतरला, तर तो पुढे शेजारच्या पांढऱ्या चौकोनावरही उतरणार.

हे सगळे मी फार ठाम सुरात लिहिते आहे, म्हणून जिथे मी स्वतः न विचारता सुई चालवली ते सांगायला हवे. काही वर्षांपूर्वी एक वयस्कर बाई त्यांच्या आईच्या हातची गोधडी घेऊन आल्या. आठ-दहा ठिकाणी कापड विरले होते आणि गडद तपकिरी व काळ्या तुकड्यांच्या जागी नुसती जाळी उरली होती. जुन्या कापडांत हे नेहमी दिसते, कारण लोखंडाचे क्षार वापरून केलेले गडद रंग धाग्याला आतून पोखरतात आणि ते तुकडे इतरांच्या आधी झडतात. मी उत्साहाने चांगले घट्ट विणीचे नवे कापड घेतले, पॉलिएस्टरच्या मजबूत दोऱ्याने मशीनवर ठिगळे बसवली आणि गोधडी नव्यासारखी करून दिली. तीन महिन्यांत त्या परत आल्या. ठिगळे जशीच्या तशी होती. त्यांच्या भोवतालचे जुने कापड टिपेच्या रेषेवरच फाटले होते, जणू छिद्रे पाडलेला कागद ओढून वेगळा करावा तसे. नवे कापड आटले, जुने आटायचे ते केव्हाच आटून गेले होते, दोरा कापडापेक्षा बळकट होता, आणि ताण आला तेव्हा तुटायचे ते दुबळे कापडच तुटले.

बाई रागावल्या नाहीत, याचेच मला जास्त वाईट वाटले. मी त्यांना पहिल्या दिवशी एकच प्रश्न विचारायला हवा होता: ही गोधडी अंगावर घ्यायची आहे की जपून ठेवायची आहे? त्यांना ती जपून ठेवायची होती. मग मी मशीनच्या टिपा एक एक करून उसवल्या, ज्याला चार संध्याकाळी लागल्या, आणि विरलेल्या जागांवर धुऊन मऊ झालेल्या मलमलीचा पातळ तुकडा ठेवून, सुती दोऱ्याने, हातानेच, ज्या भागात कापडाला अजून जीव होता तिथे टाके घेतले. मूळ तुकड्यांची जाळी मलमलीतून दिसते. दुरुस्ती उठून दिसते, लपत नाही. बाईंना ते चालले. त्यानंतर जुनी गोधडी आली की मी तिच्या विरलेल्या जागेशेजारचा धागा बोटाने हलकेच ओढून पाहते, आणि तो सहज तुटला तर मशीनवर काम घेत नाही. अशी कामे नाकारण्यात थोडे नुकसान आहे, पण उसवण्यात गेलेल्या त्या चार संध्याकाळींचा हिशेब काढला तर नाकारणे परवडते.

दुकानाचे खरे दुखणे म्हणजे उरलेले तुकडे. वीस मीटरचा तागा संपत आला की शेवटी साठ-सत्तर सेंटिमीटर राहतात, जे कोणाच्या मापात बसत नाहीत. शिवाय प्रत्येक वेळी कापड सरळ रेषेत कापण्यासाठी एक धागा ओढून कड सरळ करावी लागते आणि त्यात दोन-तीन सेंटिमीटर जातात. ताग्यावर घट्ट गुंडाळलेले कापड मोजताना ताणलेले असते आणि टेबलावर सैल सोडले की किंचित आखूड होते, म्हणून मी ते आधी उलगडून मिनिटभर पडू देते आणि मग मोजते. वर्षअखेरीस चिठ्ठीवरचा आकडा आणि प्रत्यक्ष कापड यांत फरक निघतोच. मी उरलेल्या तुकड्यांचे रंगांप्रमाणे गठ्ठे बांधून ठेवते आणि ते चांगले खपतात, फक्त एक मातकट हिरवा रंग सोडून. तो मी स्वतःच्या आवडीने मागवला होता. गेली तीन वर्षे त्याचे दोन तागे मला रोज समोरून पाहतात.

एका रंगाची खेप पुढच्या खेपेशी जुळत नाही हाही रोजचा ताप आहे. रंगवणीच्या प्रत्येक खेपेत छटा थोडी हलते, क्रमांक तोच असला तरीही. म्हणून विकलेल्या प्रत्येक नव्या ताग्याचा बोटभर तुकडा मी वहीत चिकटवून त्याखाली खेपेचा क्रमांक लिहून ठेवते. काल एक ताई असाच तुकडा हातात घेऊन आल्या. दोन महिन्यांपूर्वी घेतलेले मोरपंखी कापड शेवटच्या दोन ओळींना कमी पडले होते. वही काढून पाहिले तर ती खेप संपलेली होती आणि नव्या ताग्याची छटा दारातल्या उजेडात स्पष्ट वेगळी दिसत होती, थोडी निळसर. त्यांनी ‘जाऊ द्या, एवढे कोण पाहते, कापा अर्धा मीटर’ असे म्हटले. मी त्यांना सांगितले की दोन ओळी एकाच टोकाला वेगळ्या आल्या तर कापड कमी पडले होते हे कोणालाही कळेल, पण हेच निळसर चौकोन शिवलेल्या भागातले काही उसवून मध्ये मध्ये विखुरले तर ती मुद्दाम केलेली नक्षी वाटेल. ‘उसवायचे?’ असे त्यांनी ज्या सुरात विचारले, तो सूर मला चांगला ओळखीचा आहे. शेवटी नव्या कापडाचा एक लहान नमुना घेऊन त्या घरी गेल्या, गोधडी जमिनीवर पसरून त्यावर तो ठेवून पाहणार आणि मग सांगणार. तागा मी कपाटात परत ठेवलेला नाही. टेबलाच्या कडेला, चिठ्ठी टाचून, न कापता ठेवला आहे.